विचित्र जुन्या बास गिटार आणि हरलेल्या उत्तरांचा इतिहास

रिसर्च प्रपोजलमध्ये ‘लिटरेचर रिव्ह्यू’ लिहिताना आपण साधारण काय करतो? आज जे मान्य झालंय तिथून मागे चालत जातो, आणि तिथपर्यंत पोचवणाऱ्या पायऱ्या क्रमाने मांडतो. ज्या वाटा मध्येच संपल्या त्या गाळून टाकतो. वाचायला ते सुटसुटीत वाटतं, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट हरवते. ती कोणती, हे बघण्यासाठी आज एक वाद्य घेऊ: १९५० आणि ६०च्या दशकांतली बास गिटार.

त्या काळातल्या काही बास गिटार आज बघितल्या तर हसूच येतं. एकीचा आकार व्हायोलिनचा, दुसरीला बकऱ्यासारखी लांब शिंगं, तिसरीच्या अंगात आरपार भोकं. तरीही जगभरात लोक त्या शोधतात, दुरुस्त करतात, वाजवतात. याला नुसती हौस म्हणून सोडून देता येईल. पण माझ्या मते या आकर्षणामागे इतिहासाचा एक चांगला धडा आहे.

प्रश्न एकच नव्हता

बास गिटारच्या आधी खर्जाचं काम डबल बास करायचा. माणसाएवढं उंच वाद्य, न्यायला अवघड, मोठ्या बँडमध्ये आवाज दबणारा आणि पडदे नसल्यामुळे सूर बोटांनीच शोधावा लागणारा. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने प्रिसिजन बास बाजारात आणली. सपाट भरीव लाकूड, गिटारसारखी आडवी धरायची, गळ्यावर पडदे. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’.

आज आपण म्हणतो, फेंडरने ‘बासचा प्रश्न’ सोडवला. पण तो प्रश्न नेमका कोणता होता?

१९५३ मध्ये गिब्सन कंपनीने आपली इलेक्ट्रिक बास काढली. तिचा आकार व्हायोलिनचा आणि खाली बाहेर ओढता येणारा एक दांडा. दांडा जमिनीवर टेकवला की ती डबल बाससारखी उभी वाजवता यायची. म्हणजे गिब्सनच्या डोळ्यांसमोर डबल बासवाला होता. त्याची सवय न मोडता त्याला वीज द्यायची होती.

न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रोने १९५६ मध्ये सहा तारांची बास काढली, म्हणजे चक्क एक सप्तक खाली लावलेली गिटार. अंग मेसोनाइट या दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या फळीचं आणि पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसवलेले. इथे गिऱ्हाईक म्हणजे गिटारवाला आणि अट म्हणजे स्वस्ताई. शिंगांची ‘लाँगहॉर्न’ याच कंपनीची, १९५८ची.

अँपेग ही कंपनी तर सुरूच झाली डबल बासच्या टेकूत मायक्रोफोन बसवण्यापासून. १९६६ मध्ये तिने जी बास काढली तिचं डोकं व्हायोलिनसारखं वळणदार, अंगात आरपार भोकं, आणि घोडीखाली पोलादाचा पातळ पडदा व त्याच्याखाली कॉइल. साधा चुंबकीय पिकअप फक्त पोलादी तारेचं कंपन पकडतो. या रचनेत घोडीचं कंपन पकडलं जायचं, त्यामुळे आतड्याच्या तारासुद्धा चालायच्या. याच कंपनीने बिनपडद्यांची बासही काढली.

आता बघा, जे आपल्याला विचित्र वाटतं ते प्रत्येक अंग कुठल्या तरी प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. उत्तरं वेगळी, कारण प्रश्न वेगळे.

थोडं फिजिक्स

आपण सायन्सवाले, तेव्हा थोडं गणितही करू. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. फेंडरची तार घोडीपासून गळ्याच्या टोकापर्यंत ३४ इंच. बऱ्याच ‘विचित्र’ बास सुमारे ३० इंचांच्या. तीच तार, तोच सूर हवा असेल तर ताणाचं गुणोत्तर येतं ३०/३४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.७८. आखूड बासवर ताण २२ टक्के कमी. म्हणून तार बोटाखाली मऊ लागते, बोटं कमी ताणावी लागतात, आणि स्वर जरा गोल, धपकन येणारा वाटतो.

दुसरी गोष्ट पिकअपच्या जागेची. गिब्सनने तो अगदी गळ्याजवळ बसवला. तिथे तारेच्या मूळ कंपनाचा झोका मोठा असतो, त्यामुळे आवाज जाड पण जरा धूसर. फेंडरचा पिकअप घोडीकडे सरकलेला, म्हणून वरचे हार्मोनिक्स तुलनेने जास्त. आता बासची सगळ्यांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची आहे, आणि छोट्या रेडिओच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला तो खर्ज ‘ऐकू’ येतो, कारण ८२, १२३ असे वरचे हार्मोनिक्स ऐकून आपला मेंदू मूळ सूर भरून काढतो. तंबोऱ्याची जवारी लागल्यावर हार्मोनिक्स काय कमाल करतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हे पटेल.

मग फेंडरच का टिकली?

‘फेंडरचं डिझाइन बरोबर होतं म्हणून’ हे उत्तर तोंडावर येतं. पण थांबा. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाची बास बनवली होती: भरीव अंग, पडदे, आडवी वाजवायची. फेंडरच्या सुमारे १५ वर्षं आधी! बरोबर असणं पुरेसं असतं तर टटमार्कचं नाव आज घराघरांत असतं.

फेंडरकडे ॲम्प्लिफायरचा कारखाना होता, विक्रीचं जाळं होतं, आणि १९५२ मध्ये खास बाससाठी ‘बासमन’ ॲम्प्लिफायरही आला. उलट बाजूने ‘द हू’ बँडचा जॉन एन्टविसल एक किस्सा सांगायचा. १९६५च्या ‘माय जनरेशन’साठी त्याला डॅनइलेक्ट्रोच्या पातळ तारांचा आवाज हवा होता. तार तुटली की इंग्लंडमध्ये सुटी तार मिळेना, म्हणून दरवेळी नवी बासच विकत घ्यायची. शेवटी त्याने रेकॉर्डिंग फेंडरवर केलं. इथे हरला तो आवाज नव्हे, सुट्या तारांचा पुरवठा.

ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर यांनी १९८४ मध्ये सायकलच्या इतिहासावरून हाच मुद्दा मांडला. मोठ्या चाकाची उंच सायकल तरुण धाडसी पुरुषांना मर्दानी वाटायची, तर बायकांना आणि वयस्करांना धोकादायक. वस्तू एक, अर्थ दोन. त्यांचं म्हणणं असं की यश आणि अपयश दोन्ही एकाच मापाने समजावून घ्या. जिंकलेल्याला ‘योग्य’ आणि हरलेल्याला ‘चुकीचा’ म्हटलं की तपास तिथेच थांबतो.

कोणीच न विचारलेला प्रश्न

जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीने १९५६च्या सुमारास पोकळ, हलकी, व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ बास काढली. वाल्टर हॉफ्नर व्हायोलिन बनवणाऱ्या घराण्यातला, म्हणून हा आकार त्याच्या हाताखालचाच. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनीने ती घेतली. एक तर ती स्वस्त होती. दुसरं म्हणजे तो डावखुरा, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने ती उलटी धरली तरी वेडीविद्री दिसत नव्हती. व्हायोलिनच्या परंपरेतून आलेला आकार एका डावखुऱ्या मुलाच्या अडचणीला उपयोगी पडला. हा प्रश्न बनवणाऱ्याने विचारलाच नव्हता!

पण जुनं म्हणजे चांगलं नव्हे

इथे एक सावधगिरी. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून ३ नवी आणि ३ जुनी, नामांकित व्हायोलिन वाजवायला दिली. सगळ्यांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, सगळ्यांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. त्यामुळे ‘जुन्या लाकडाचा आवाजच वेगळा’ असं कोणी बासबद्दल म्हणालं, तर आधी डोळे झाकून तपासा. शिवाय आज हातात येणारी जुनी वाद्यं हा निवडक नमुना आहे. जी फुटली किंवा फेकली गेली ती आपल्यासमोर येतच नाहीत.

मग आकर्षण नेमकं कशाचं? माझं उत्तर असं: प्रश्न अजून उघडा होता तेव्हाचा पुरावा या वाद्यांत शिल्लक आहे. रचना एकदा ठरून गेली की पुढची प्रत्येक बास थोडीफार फेंडरसारखीच दिसते, आणि बास दुसरीही काही असू शकली असती हे आपण विसरतो. गिब्सनचा तो दांडा आणि अँपेगच्या घोडीखालचा तो पडदा आपल्याला ते विसरू देत नाहीत.

तुमच्या विषयातही असे दांडे असतील: सोडून दिलेली पद्धत, कोणी सायटेशन न दिलेला पेपर, डिपार्टमेंटच्या कपाटात धूळ खात पडलेलं उपकरण. रिव्ह्यू लिहिताना त्यातलं एक तरी उचला आणि तीन गोष्टी विचारा. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं? ते कशामुळे मागे पडलं: तत्त्वामुळे, की सुटी तार न मिळाल्यामुळे? आणि ज्या कारणाने ते मागे पडलं, ते कारण आज शिल्लक आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तुमच्या प्रपोजलचा विषय तिथेच सापडलेला असू शकतो.