थ्री-नॉट-थ्री : ही बंदूक कुणाची?

तत्त्वज्ञानाचा मास्तर बंदुकीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. चिनी युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, तेव्हा आम्ही थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन कवायत केली आहे. वजन जवळजवळ ४ किलो. तेव्हा खांदा दुखायचा, प्रश्न पडत नव्हता. आता पडतो.

तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली यांनी तिचा बोल्ट आणि मॅगझिन रचलं; एनफिल्ड हा इंग्लंडातला कारखाना. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ मध्ये स्वीकारली. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. मॅगझिनमध्ये १० गोळ्या.

पण राज्यकर्ते सत्तावन्न विसरले नव्हते. हिंदी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे धोरणच होतं. गोऱ्यांकडे मार्टिनी आली, तेव्हा आपल्याकडे स्नायडर. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेयला उतरली, तेव्हा कुठे तिथे जुन्या बंदुका बदलून नव्या मिळाल्या. समोर जर्मन उभे राहिले, तेव्हा आमच्यावर विश्वास बसला!

त्यानंतर पाचच वर्षांनी जालियनवाला बाग. याच बंदुकांतून १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. हुकूम डायरचा, पण चापावरची बोटं आपल्याच माणसांची. हे आपण सहसा बोलत नाही.

बंगालमधल्या इशापूरला ही रायफल इंग्रजांच्या काळातच बनू लागली होती. स्वातंत्र्यानंतर कारखाना आपला झाला, बंदूकही. १९६२ मध्ये आपले जवान हीच घेऊन हिमालयात लढले. मग इशापूरने तिला ७.६२ मिलिमीटरची नवी गोळी दिली. लष्कराकडे पुढे स्वयंभरणाच्या रायफली आल्या. जुन्या थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे राहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या शिपायांच्या हाती त्याच होत्या.

म्हणजे पुन्हा एक पिढी जुनी! इंग्रजांचं कारण अविश्वास होतं. आपलं कारण काय? हेळसांड.

बंदूक झेंडा बदलला म्हणून आपली होत नाही. हुकूम देणाऱ्याला आपण जाब विचारू शकतो आणि ती धरणाऱ्याची काळजी घेतो, तेव्हा ती आपली. यातलं पहिलं आपण घटनेत लिहून घेतलं. दुसरं अजून शिकायचं आहे.