बॉम्ब थोपवण्याचा अभ्यास आणि आपलं नगर

परवा ओळखीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, अण्वस्त्रांवर नियंत्रण कसं ठेवतात, याचा अभ्यास करून नोकरी मिळते का हो?" आपल्या नगरात (अहिल्यानगर म्हणा) व्हीआरडीई आहे, रणगाडादलाचं केंद्र आहे, भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं आहेत. पण हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. पत्रकारितेच्या डिप्लोमात असलं काही नव्हतं. वाचत बसलो, तर धागा थेट आपल्या भुईकोट किल्ल्यात निघाला.

ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ नेहरू इथं कैदेत होते. त्यांना नगरहून हलवलं आणि पाच महिन्यांत हिरोशिमावर बॉम्ब पडला. पुढे १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख दूरवरच्या जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली. महिनाभरातच, २ एप्रिलला, नेहरू लोकसभेत म्हणाले की करार व्हायचा तेव्हा होईल, तोवर चाचण्या तरी थांबवा.

पण नुसत्या भाषणानं भागत नाही, अभ्यास लागतो. ऑक्टोबर १९६४मध्ये चीननं अणुचाचणी केली, तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. त्यांच्याच पुढाकारानं नोव्हेंबर १९६५मध्ये दिल्लीत 'आयडीएसए' ही संरक्षण अभ्यासाची संस्था उभी राहिली. आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. म्हणजे सुरुवात कराडच्या माणसाची, नाव गोव्याच्या माणसाचं, आणि आपल्या पोरांना तिचा पत्ता नाही!

तिथं निव्वळ शांतीचे पाठ होते असं समजू नका. १९६८ला संचालक झालेले के. सुब्रह्मण्यम भारताकडे बॉम्ब हवा, याच मताचे. पाच देशांनी बॉम्ब ठेवायचा आणि बाकीच्यांनी हात जोडून बसायचं, हा एनपीटीचा न्याय त्यांना मान्य नव्हता. मलाही नाही. पण १९९९ला 'आधी आम्ही वापरणार नाही' हे तत्त्व असलेला अणुधोरणाचा मसुदा ज्या मंडळानं दिला, त्याचे प्रमुखही तेच. बॉम्ब हवा म्हणणाऱ्यानंच त्याला लगाम घातला.

मुलीला सांगितलं, पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, जेएनयूत निःशस्त्रीकरण शिकवतात. आता तर ड्रोन आणि एआयवर चालणारी शस्त्रं आलीत. त्यांचे नियम अजून ठरतायत, तिथं फिजिक्सवालेही लागतील. तिची आई मध्येच म्हणाली, "ते सगळं खरं भाऊ, पण घरभाडं निघेल का?"

या वाटेनं गेलेलं कुणी आपल्या जिल्ह्यातलं असेल तर कळवा. त्या माउलीशी बोलणं करून देतो.