वर्षाचं धान्य साठवताय? विषारी गोळ्या घरात नकोत, हे उपाय करा

सुगी झाली की गहू, ज्वारी, हरभरा, तूर घरात येते आणि वर्षाची बेगमी सुरू होते. पावसाळा लागला की मात्र गव्हात सोंडे फिरतात, कडधान्याला भुंगे लागतात. मग दुकानातून गोळ्या आणून पोत्यात टाकल्या जातात. ही सवय जिवावर बेतू शकते. धान्य नीट वाळवून भरलं तर घरात गोळीची गरजच पडत नाही.

कीड येते कुठून?
बऱ्याचदा ती शेतातूनच येते. भुंगा शेंगांवर अंडी घालतो, ती दाण्यासोबत घरी येतात. जुन्या पोत्यात, कोठीच्या फटीतही कीड दडलेली असते. दाण्यात ओल राहिली की ती झपाट्याने वाढते.

भरण्याआधी काय करायचं?
• धान्य ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ओल आहे. साठवणीच्या गहू-ज्वारीत ओल 12 टक्क्यांपेक्षा जास्त नको, कडधान्यात 10 टक्क्यांच्या आसपास असावी.
• उन्हातून उचलून गरम धान्य लगेच भरू नका. आत वाफ धरते, पाणी सुटतं आणि बुरशी येते. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्या, सकाळी भरा.
• जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक वाळवा. कोठी झाडून, पुसून, उन्हात तापवून घ्या.
• नवीन धान्य जुन्यात मिसळू नका.

साठवायचं कसं?
• घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी चांगली. पोती असतील तर खाली लाकडी फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा.
• कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात घाला. ओला पाला घातला तर ओल वाढते. पाल्याने कीड कमी येते, आधीच लागलेली मरत नाही.
• अख्ख्या कडधान्याला खायचं तेल किंवा एरंडेल चोळा. 10 किलोला 50 मिली पुरतं. तेलामुळे भुंग्याची अंडी वाढत नाहीत.
• तुरीची डाळ करून ठेवली तर भुंगा कमी लागतो. त्याला अंडी घालायला अख्खा दाणा लागतो.
• हवाबंद पिशवीत आतली हवा संपली की कीड गुदमरून मरते. पण धान्य पूर्ण कोरडं हवं, नाहीतर आतच कुजतं.

गोळ्यांचा धोका काय?
डब्यावर ‘अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड’ लिहिलेलं असेल तर ती गोळी घरासाठी नाही. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम वायू निघतो. बंद खोलीत धान्याशेजारी झोपलेल्या माणसांचा यात जीव जाऊ शकतो. या विषावर उतारा नाही. नियमाप्रमाणे ही गोळी सरकारी तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित कीडनियंत्रकाच्या देखरेखीखालीच वापरायची असते.

खोलीत लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, मळमळ, डोकेदुखी, छातीत जड वाटणं, दम लागणं सुरू झालं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. गोळीवर पाणी टाकू नका, वायू आणखी जोरात सुटतो. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. वास आला नाही म्हणून धोका नाही असं समजू नका.

महिन्यातून एकदा बघा
पावसाळ्यात पोत्यात खोलवर हात घालून बघा. आतलं धान्य गरम लागलं, कुबट वास आला किंवा पीठ पडलेलं दिसलं, तर बाहेर काढून चाळा आणि ऊन पडेल त्या दिवशी पुन्हा वाळवा. बुरशी आलेलं धान्य खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष धुऊन किंवा शिजवून जात नाही.

घरात अशा गोळ्या आधीच आणून ठेवल्या असतील तर डबा उघडू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तालुका कृषी कार्यालयात विचारा, ते सांगतील तसंच करा.