शेताचे नुकसान आणि मंडळाची सरासरी

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. गावाचे नाव बहुतेकांना नृसिंहाच्या देवस्थानामुळे ठाऊक असते. शिवार काळ्या जमिनीचे, खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. समजा, या शिवारात एकाचे सखल रानातले सोयाबीन पाण्यात कुजले आणि दुसऱ्याचे उंचावरचे चांगले आले. दोघांनी पीकविमा उतरवला आहे. भरपाई कोणाला मिळेल? मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर चालणाऱ्या विम्याचे उत्तर असे : दोघांना हेक्टरी सारखीच, नाहीतर दोघांनाही काही नाही.

विमा सर्वेक्षक होऊ पाहणारा विद्यार्थी हे उत्तर ऐकून चक्रावेल. त्याला पहिल्या धड्यात शिकवतात की विमा म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई, कमी नाही आणि जास्तही नाही. ज्या वस्तूच्या नाशाने आपले खरोखर नुकसान होते, तिचाच विमा उतरवता येतो. दोन्ही बाजूंनी काही लपवायचे नाही. नुकसान ज्या कारणाने झाले, ते कारण करारात बसले पाहिजे. गोदामाला आग लागली की सर्वेक्षक या चार गोष्टी हातात धरून जळका माल मोजतो. शेतात मात्र हे मोजणे फार अवघड निघाले.

आपल्याकडे पीक मोजण्याची जुनी रीत आणेवारीची. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्याच्या मानाने यंदाचे किती, हे महसूल खात्याने नजरेने ठरवायचे. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच नजरेवरून झाला. चार आण्यांहून कमी पीक आले तर सारा तहकूब होण्याचा नियम होता. शेतकरी म्हणत पीक त्याहून कमी आहे, अंमलदार म्हणत जास्त आहे. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, पण पन्नास पैशांच्या अलीकडे की पलीकडे हा वाद मराठवाड्याला आजही नवा नाही.

नजरेऐवजी वजनकाटा आणण्याचे बरेचसे श्रेय सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना जाते. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली : शेत यादृच्छिक आकड्यांनी निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून मळून तोलायचे. तुकडा किती मोठा असावा यावर त्यांचा महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. हा वाद संख्याशास्त्रज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. उत्पन्न कागदावर फुगले, तर विम्याची भरपाई तेवढीच आटते. दोरी कुठे ताणली यावर अख्ख्या मंडळाचे पैसे ठरतात.

१९७२ साली, महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि परभणीत कृषी विद्यापीठ नुकतेच स्थापन झाले होते, त्याच वर्षी गुजरातेत संकरित कापसाचा विमा सुरू झाला. तो शेतकऱ्यागणिक होता. पुढे इतर पिके आणि राज्येही त्यात आली. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांनी विमा घेतला. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. योजना गुंडाळली गेली.

पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये वेगळी वाट सुचवली. प्रत्येक शेतात जाऊ नका. सारख्या हवामानाचा टापू घ्या आणि त्याचे सरासरी उत्पन्न घसरले तर सर्वांना भरपाई द्या. एकट्याच्या आळसाने किंवा लबाडीने टापूची सरासरी हलत नाही, आणि हजारो सर्वेक्षकही लागत नाहीत. म्हैसूरचे जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पावसाच्या आधारे असेच काही मांडले होते, तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. दांडेकरांचे घेतले गेले : १९७९ ची पथदर्शी योजना, मग १९८५, १९९९ आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना. माझ्या मते दांडेकरांचा युक्तिवाद बिनतोड होता, मात्र टापू खरोखर सारखा असेल तरच. एका महसूल मंडळात नदीकाठ आणि उंचवटा दोन्ही असतात.

हिशेब पाहा. सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी दहा क्विंटल धरू. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पन्न सात क्विंटल. मंडळात यंदा साडेसात आले, तर ज्याचे सगळे गेले त्यालाही काही नाही. २०१६ च्या योजनेने ही फट ओळखून शेतपातळीवरचे पंचनामे ठेवले होते : गारपीट, ढगफुटी, पाणी साचणे यांची खबर ७२ तासांत द्यायची, मग विमा प्रतिनिधी शेतावर येणार. जुना सर्वेक्षक मागच्या दाराने परत आला, असे म्हणता येईल. भांडणेही परतली. २०१७ च्या सोयाबीनच्या भरपाईवरून पुढच्या वर्षी परभणीत शेतकऱ्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरले होते.

२०२३ च्या खरिपापासून राज्याने हप्ता एक रुपया केला. त्यानंतर सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवर भलत्यांनीच विमा उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली. पहिल्या धड्यातला हितसंबंधाचा नियमच मोडला होता. मे २०२५ च्या निर्णयाने राज्याने एक रुपया बंद केला. सोयाबीनला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आला. त्याच निर्णयाने स्थानिक आपत्तीचे पंचनामेही योजनेतून काढले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, मराठवाड्यात महापूर आला. काठाची जमीन मातीसकट खरडून गेली. विम्यापुरते त्या शेतांचे नुकसान आता मंडळात आकड्यांनी निवडलेल्या मोजक्या तुकड्यांतून, काट्यावर येईल तेवढेच दिसणार होते.