धर्मयुद्धाचा विग्रह

‘विग्रह’ हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो शाळेत, समासाच्या धड्यात. पोळपाट, तोंडपाठ, राजवाडा यांचा विग्रह करा. एकजीव झालेली पदं सोडवायची आणि त्यांच्यात दडलेली विभक्ती बाहेर काढायची. ‘वि’ म्हणजे वेगळं, ‘ग्रह’ म्हणजे धरणं. राजनीतीत मात्र याच शब्दाचा अर्थ वैर, युद्ध असा होतो. कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे सहा गुण सांगितले, त्यांत पहिला संधी आणि दुसरा विग्रह.

कौटिल्य काही शांततेचा पुजारी नव्हे, त्याचा सगळा हिशेब लाभाचा. तरीही तो सांगतो, की संधी आणि विग्रह यांतून सारखाच फायदा होणार असेल तर राजाने संधी करावी, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय असतात. म्हणजे माणसं मरतात, खजिना रिता होतो, सैन्य परमुलखात कुजतं आणि वाटेत विघ्नं उभी राहतात. लाभाच्या तराजूतही संधीचं पारडं आधीच थोडं खाली झुकवून ठेवलेलं आहे. युद्ध करणाऱ्याने पुरावा द्यायचा, टाळणाऱ्याने नव्हे.

आता ‘धर्मयुद्ध’ या शब्दाचा विग्रह करून पाहा. धर्मासाठी युद्ध, अशी चतुर्थी घेतली तर प्रश्न कारणाचा होतो: हे युद्ध कशासाठी? धर्माने केलेलं युद्ध, अशी तृतीया घेतली तर प्रश्न रीतीचा होतो: ते कसं लढलं? कूटयुद्धाच्या, म्हणजे कपटाने लढलेल्या युद्धाच्या, उलट जे धर्मयुद्ध, ते या दुसऱ्या अर्थाचं. आणि धर्म म्हणजे पंथ असं समजून षष्ठी लावली, की क्रुसेड होतं. इतिहासाच्या पुस्तकांत १०९५ साली पोप दुसरा अर्बन याने पुकारलेल्या लढ्यांनाही आपण ‘धर्मयुद्धे’च म्हणतो. एकच समास तीन वेगळी ओझी वाहतो, आणि सभेत बोलणारा वक्ता कोणती विभक्ती मनात धरून बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जुन्या मराठीतला ‘मुलूखगिरी’ त्या मानाने प्रामाणिक. मुलूख घेणं, एवढंच तो सांगतो.

गीतेत कृष्ण अर्जुनाला लढायला सांगतो तेव्हा शब्द येतो तो ‘धर्म्य’. हा शब्द कसा बनला ते पाणिनीने एका सूत्रात सांगितलं आहे, आणि माझ्या मते युद्धाच्या नीतीबद्दल याहून नेमकं फार थोडं लिहिलं गेलं आहे. धर्म, पथिन्, अर्थ, न्याय या शब्दांना ‘त्यापासून न ढळलेलं’ या अर्थी प्रत्यय लागतो, असं ते सूत्र. त्यातून धर्म्य, पथ्य, अर्थ्य आणि न्याय्य हे शब्द होतात. मोर्चात ‘न्याय्य मागण्या’ म्हणतो तो न्याय्य आणि वैद्य सांगतो ते पथ्य, ही सख्खी भावंडं. न्याय्य म्हणजे न्यायापासून न ढळलेलं. जे ढळलेलं नाही ते उद्या ढळू शकतं. म्हणून न्याय्यपणाचा शिक्का युद्धाच्या पहिल्या दिवशी मारून मोकळं होता येत नाही. पथ्यासारखा तो रोज पाळावा लागतो.

महाभारताला हे ठाऊक होतं. उद्योगपर्वात पांडव पाच गावांवर तयार झाले, कृष्णशिष्टाई झाली, दुर्योधन सुईच्या अग्राएवढी जमीन द्यायला राजी नव्हता. कारण पुरेसं होतं. तरी भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले: बरोबरीच्याशी लढायचं, शस्त्र टाकलेल्याला, सारथ्याला, नगारे वाजवणाऱ्याला मारायचं नाही. ते नियम पांडवांकडूनही मोडले. भीमाची गदा गदायुद्धाच्या नियमाविरुद्ध दुर्योधनाच्या मांडीवर पडली तेव्हा बलराम खवळून उठला. व्यासांनी ते झाकून ठेवलं नाही.

आपल्या घराजवळचं उदाहरण घ्यायचं तर १३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने हैदराबाद संस्थानात शिरलं. रणगाडे होते, विमानं होती, लष्कराने दिलेलं नाव होतं ‘ऑपरेशन पोलो’. रूढ झाला तो शब्द मात्र ‘पोलीस ॲक्शन’. त्याला कारण होतं. निजामाची तक्रार तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे होती. युद्ध दोन राष्ट्रांत होतं, पोलीस आपल्याच घरात जातात. नाव हाच युक्तिवाद होता. मराठवाड्यातली जुनी माणसं अजून ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘नंतर’ अशी वर्षं सांगतात, आणि सरकारी दिनदर्शिकेत १७ सप्टेंबर ‘मुक्तिसंग्राम दिन’ असतो.

कारण न्याय्य होतं, असं मी निःसंकोच म्हणतो. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावं लुटली, जाळली. भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. संस्थानातल्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. भारत आणि निजाम यांच्यातल्या जैसे थे करारानंतरचे वाटाघाटींचे महिने वाया गेले होते. चतुर्थीची परीक्षा हे युद्ध उत्तीर्ण होतं.

तृतीयेची परीक्षा मात्र पाच दिवसांत निजामाने शस्त्रं ठेवल्यावर सुरू झाली. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगवले गेले त्यांची चौकशी नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. तिचा अंदाज कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार मृतांचा. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत व हत्येत सामील होते, हे समितीने लिहिलं. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही केल्या. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

‘पोलीस ॲक्शन’ या शब्दात या मृतांना जागाच नाही, कारण पोलीस कारवाईत युद्धाचे नियम लागतात असं कुणी मानत नाही. ‘मुक्तिसंग्राम’ या शब्दातही ते बसत नाहीत. मुक्ती खरी होती आणि हे मृत्यूही खरे होते. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर भाषणाला उभे राहणार असाल तर हुतात्म्यांच्या नावांबरोबर या चार जिल्ह्यांतल्या मृतांचाही उल्लेख करा.