क्लाउड साठवण आणि माहितीवरचा ताबा

फोटो, कागदपत्रे, फोन नंबर, चॅट असा खासगी ऐवज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून हवा तेव्हा मोबाइलवर पाहण्याची सोय म्हणजे क्लाउड साठवण. ती फुकट किंवा अल्प दरात मिळते. मात्र ऐवज किती दिवस, कोणत्या अटींवर आणि कोणत्या भावाने ठेवायचा, हे कंपनी ठरवते.

लोक हा सौदा अडाणीपणाने करतात, असे शहरी चर्चेत मानले जाते. भिसेगावसारख्या ठिकाणी ते पटत नाही. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत स्टेशनला लागून असलेल्या या वस्तीतला चाकरमानी लोकलने मुंबई गाठायला दोन तास घालवतो. गर्दीत मोबाइल गेला, तरी नव्या हँडसेटवर लॉगिन केले की मुलांचे फोटो परत येतात. पावसाळ्यात कपाटातल्या फायलींना बुरशी धरते, लाइट जाते, हार्ड डिस्क एके दिवशी उघडतच नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा घरांबरोबर घरातले कागदही गाडले गेले. माणसे गेली तिथे कागदांचे काय, हे खरेच. पण वाचलेल्याला दुसऱ्या दिवसापासून आपली ओळख पटवावी लागते. थोडक्यात, कागद गमावण्याची भीती डोळ्यांसमोर असते. ताबा गेल्याचे मात्र खाते बंद पडेपर्यंत कळतही नाही.

शिवाय आपला कागद दुसऱ्याच्या दप्तरी असणे इथे नवे नाही. सातबारा पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याकडेच होता. आता डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. फरक एवढाच, की चुकीच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उभे राहता येते, वर तहसीलदार असतो. खाते लॉक झालेल्याला मात्र गाठायला खिडकीच नसते. त्यातच खात्याला जोडलेला जुना नंबर बंद होऊन दुसऱ्याला गेला असेल, तर ओटीपीही त्या दुसऱ्याच्या हातात. सरकारच्या डिजिलॉकरची (२०१५) गोष्ट वेगळी. त्यातले लायसन्स मूळ सरकारी विभागाच्या नोंदीतूनच येते, तेव्हा तिथे गमावण्यासारखे थोडेच असते.

भाव नंतर कळतो, याचे ठळक उदाहरण गूगल फोटोज. मे २०१५ मध्ये ही सेवा आली ती किंचित दाबलेले फोटो अमर्याद आणि मोफत ठेवण्याच्या बोलीवर. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले, आणि त्याच मर्यादेत जीमेलही बसवायचे होते. तोवर सहा वर्षांची लग्ने, बारशी आणि गणपती तिथे साठले होते. ते सगळे उतरवून घ्यायची सोय आहे. पण उतरवून ठेवायचे कुठे? दरमहा पैसे भरणे बहुतेकांना सोपे वाटते.

सर्व्हर जवळ असल्याने ताबा जवळ येत नाही. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग सुरू केला. योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर तर रायगड जिल्ह्यातच, पनवेलला आहे. आपला फोटो नेमका कुठे आहे, हे ग्राहकाला तरीही सांगता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा आणि मृत्यूनंतर हे हक्क वापरण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नेमण्याचा हक्क दिला. २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्कही होता. कायद्यात तो उरला नाही. बिऱ्हाड हलवण्याचा त्रास कमी करणारी तरतूद नेमकी तीच होती.