जेम्स ब्रॅडॉकच्या दोन हारी

विजेत्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. हरलेल्याच्या घरची चूल कशी चालली, हे इतिहास क्वचितच विचारतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; आम्हांला तोच प्रश्न आधी सुचतो.

१८ जुलै १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये टॉमी लॉफ्रनने जेम्स ब्रॅडॉकला १५ फेऱ्यांत गुणांवर हरविले. लाइट हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद हुकले. त्याच ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, मंदी आली. ब्रॅडॉक हरत गेला, उजवा हात पुनःपुन्हा मोडला. अखेर तो न्यू जर्सीच्या गोदीत हमालीला उभा राहू लागला. काम रोज मिळेलच असे नव्हते. मुलाबाळांसाठी सरकारी मदत घ्यावी लागली.

दुखरा उजवा जपताना ओझ्यांनी त्याचा डावा हात बळावला, असे सांगतात. म्हणून कोणी हमालीचे गोडवे गाऊ नयेत. त्याच धक्क्यावर झिजून गेलेल्या हातांची नोंद कोणी ठेवली?

१९३४ साली त्याला पुन्हा संधी मिळाली. १३ जून १९३५ रोजी मॅक्स बेअरला हरवून तो हेवीवेट जगज्जेता झाला. घेतलेली मदत त्याने परत केली.

१९३७ साली जो लुईने त्याला आठव्या फेरीत पाडले. पण या खेपेस लुईच्या पुढील लढतींच्या नफ्यातला हिस्सा व्यवस्थापकाने आधीच करारात बांधून घेतला होता. पहिल्या हारीनंतर ब्रॅडॉकपाशी मोडका हात होता; दुसरीनंतर करार होता. हा फरक गोदीतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.